सगळ्यांनी उतरायचं

"उतरा! समद्यांनी उतरा. पोरं धरून चाला!"

पनवेलहून मोऱ्याला निघालेली बस पुलाच्या तोंडाशी थांबली होती आणि सिताराम लाल बावट्याचा दांडा दाराच्या पत्र्यावर आपटत होता. बसमधली अर्धी माणसं पेंगत होती, बाकीची अर्धी त्याचा उद्धार करत होती.

"आरं मेल्या, माजी लाँच चुकल!" सखू भाजीवाली आतून ओरडली. मोऱ्याहून लाँच पकडून ती रोज मुंबईला भाजी न्यायची.

"तर फुडच्या लाँचनी जा. उतर."

"आनि या पाट्या? त्या कोन उतरवील, तुजा बाप?"

"पाट्या ऱ्हाऊ दे आत. मानसांनी उतरायचं. बोर्ड वाच."

"बोर्ड वाचता आला असता तर भाजी कशाला इकली असती रं भाड्या?"

बस हसली, पण उतरली. माणसं पायी पुलावर चढली, मागून रिकामी बस गुरगुरत पार गेली आणि पलीकडे सगळे पुन्हा आत शिरले. बसायच्या जागेवरून तिथे रोज भांडणं व्हायची, कारण अलीकडे खिडकीत बसलेला माणूस पलीकडे उभा राहायचा. त्या भांडणाचं पापही सितारामच्याच माथी. लोकांनी त्याचं नाव पाडलं होतं उतऱ्या. शाळेत त्याच्या मुलीला, संघप्रियाला, 'उतऱ्याची पोरगी' म्हणत.

पूल म्हणाल तर केवढासा. खाडीही अशी की ओहोटीला नुसता चिखल आणि त्यात पळणारे खेकडे. इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल, कमानींचा, उंटाच्या पाठीसारखा मधोमध उंच. एकदा पावसाळ्यानंतर एक साहेब जीपमधून आला. कठड्याला गेलेली भेग त्यानं पाहिली, हातोडीनं दोनदा टकटक केलं, नाकाला रुमाल लावला आणि निघून गेला. पुढच्या महिन्यात पाटी आली: पूल कमकुवत आहे, प्रवाशांनी उतरून पायी जावे. पाटीच्या मागोमाग सिताराम आला. तोवर तो रस्त्यावरचे खड्डे बुजवणारा साधा मैलमजूर होता. नवा पूल होईपर्यंतच हे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा वर्षं गेली.

खरं सांगायचं तर सितारामला या कामाची गोडी लागली होती. त्याचा आजा महाडकडच्या गावात वरच्या आळीचा माणूस समोरून आला की वाट सोडून शेतात उतरायचा. बाप मुंबईत गोदीत, तोही जन्मभर 'ए, बाजूला हो' ऐकत मेला. आणि आता सिताराम बावटा आपटायचा आणि सरपंच उतरायचे, मास्तर उतरायचे, सोन्याचे गोफ घातलेले जमीनवाले उतरायचे. सिडकोकडून जमिनीचे पैसे आल्यावर ज्यांनी पायी चालणं सोडलं होतं, तेही बसला कधी आलेच तर उतरायचे. शिव्या देत उतरायचे, पण उतरायचे. रात्री जेवताना तो बायकोला, केशरला, म्हणायचा, "आज पाटलाला उतरवला." केशर म्हणायची, "पुरे आता. लोकांचे तळतळाट घेऊन काय पोट भरतं का?" त्याचं पोट भरत होतं, हे तिला कोण सांगणार!

सगळ्यात मोठा तळतळाट घेतला तो सुलेमानशेठचा.

सुलेमानशेठची पुलाच्या पलीकडच्या गावात कौलांची आणि लाकडाची वखार होती. माणूस तोंडाचा फटकळ, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा भाऊ खुर्शीद मुंबईत वारला आणि मय्यत टेम्पोतून गावी आणली. सोबत घरची माणसं. दुपारची नमाज गाठायची घाई. सितारामनं टेम्पो थांबवला. माणसं मुकाट्यानं उतरली. बसचा नियम टेम्पोलाही आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग सितारामनं ताडपत्री वर करून आत पाहिलं.

"यांनापन उतरवा," तो म्हणाला.

सुलेमानशेठला आधी कळेचना. "कोनाला?"

"यांना. खांद्यावरनं न्या."

"सिताराम, मेला हाय तो. मेलेल्या मानसाचं तुला कसलं वझं झालं?"

"मानसांनी उतरायचं, शेठ."

"त्या सखूच्या भाजीच्या पाट्या बसमदी ऱ्हातात, त्या चालतात तुला. आनि माझा भाऊ नाय चालत?"

"मग काय पाटी म्हनू त्यांना?" सिताराम म्हणाला. "मानूस हायेत ते. पाटीत धरू काय?"

आता हे बोलताना त्याच्या मनात खोट नव्हती. मेला म्हणून माणूस सामानात जमा होत नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. उलट आपण मयताचा मान राखतोय असं त्याला वाटत होतं. पण भावाच्या मढ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला असला मान कळत नाही. सुलेमानशेठनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर बावटा टाकून पळाला असता. मग जनाजा उतरवला गेला. भर उन्हात तो दगडी चढ चढून खुर्शीद खांद्यांवरून गावात गेला आणि रिकामा टेम्पो मागून गेला.

तेव्हापासून सुलेमानशेठ पुलावरून जाताना दर वेळी सितारामच्या पायाजवळ थुंकायचा. सिताराम नजर वळवायचा नाही. आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाइतका आडमुठा प्राणी दुसरा नाही.

मग महिनाभरानं केशरची पाळी आली.

तिच्या काळजाची झडप खराब झाली होती. चार पावलांत धाप लागायची. त्या दुपारी जास्तच झालं म्हणून संघप्रियानं तिला पनवेलच्या दवाखान्यात न्यायला पुलाच्या मोऱ्याकडच्या थांब्यावर बसमध्ये चढवलं. रिक्षा मिळाली असती तर पुलावर कुणी अडवलं नसतं, पण मिळाली नाही. बस पुलापाशी आली, सितारामनं दांडा आपटला, माणसं उतरायला लागली. केशर पहिल्या बाकावर डोळे मिटून बसलेली.

"बाबा, आईला दम लागलाय," संघप्रिया दारातून म्हणाली. "ती बसून ऱ्हाऊ दे. बाकी सगळे उतरलेत."

सितारामनं केशरकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. 'बसू दे' हे शब्द त्याच्या ओठावर आले होते. अगदी ओठावर.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला. सुलेमानशेठ अजून उतरला नव्हता. मुद्दामच बसून राहिला होता.

"काय सिताराम? घरची मानसं वजनाला हलकी असतात काय रे?"

खाली उतरलेल्यांत कुणीतरी फिसकन हसलं. सगळी बस आता सितारामच्या तोंडाकडे पाहत होती. इतकी वर्षं ज्यांना उतरवलं ते सगळेच जणू तिथे उभे होते आणि वाट पाहत होते.

"उतर, केशर," सिताराम म्हणाला.

"बाबा!"

"उतरते गं," केशर म्हणाली. "एवढ्यानं काय होतंय."

ती लेकीच्या खांद्यावर भार टाकून चढ चढली. मधे, पूल जिथे सगळ्यात उंच होतो तिथे, कठडा धरून थांबली. सितारामला जागा सोडता येत नव्हती. त्यानं तिची पाठ पाहिली आणि बसला बावटा दाखवला. पलीकडे जाऊन ती बसमध्ये बसली, आणि पनवेलचा नाका यायच्या आत गेली.

डॉक्टर म्हणाले, झडप पार गेली होती. आज नाहीतर उद्या हे व्हायचंच होतं. सितारामनं ते वाक्य गाठीला बांधलं. पण त्याला स्वतःलाच ते पुरत नव्हतं, मग लेकीला काय पुरणार! संघप्रिया त्याच्याशी भांडली नाही, हेच वाईट. भांडली असती तर बरं झालं असतं. ती शिकली, टायपिंग केलं, बेलापूरला एका ऑफिसात लागली. घरात त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवण झाकलंय. गॅस संपलाय. उद्या मला उशीर होईल. 'बाबा' म्हणायचं तिनं त्या दिवसापासून टाळलंच होतं.

लोकांनी तरी दया दाखवावी, तर तेही नाही. दोन दिवस म्हणाले, नियमाचा पक्का आहे हो, बायकोलापण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणायला लागले, बायको खाल्ली यानं.

सितारामला आता एकच गोष्ट हवी होती: पूल कच्चा असायला हवा होता. ओहोटीला तो खाली चिखलात उतरायचा आणि कमानीखाली मान वर करून भेगा शोधायचा. एखादा दगड ओला दिसला तरी त्याला बरं वाटायचं. कधी कधी तर, हे सांगू नये पण सांगायला हवं, एखादी गाडी घेऊन हा पूल कोसळावा असंही त्याच्या मनात यायचं. माणसं मरायला नकोत, रिकामी गाडी असली तरी चालेल. पण कोसळावा. म्हणजे केशर उगाच चढली नाही, हे सगळ्यांना कळेल. पूल कोसळला नाही.

अखेर पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर शेजारी नवा सिमेंटचा पूल सुरू झाला. सपाट, रुंद, दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे. नारळ फुटला, भाषणं झाली. बस न थांबता भरधाव गेली आणि आतल्या पोरांनी खिडकीतून सितारामला हात दाखवले. जुन्या कमानींमुळे भरतीचं पाणी तुंबतं म्हणून जुना पूल पाडायचा ठरला, आणि पाडताना कुणी जवळ येऊ नये म्हणून तिथे राखणीला सितारामलाच ठेवलं.

तो खूश झाला. किती वर्षांनी.

रविवारी सकाळी भाकरी बांधून घेताना तो लेकीला म्हणाला, "आज पाडतायत. येतीस काय बघायला? दोन घावांत बसतोय खाली. बघशील."

संघप्रिया भांडी घासत राहिली. पण बाप निघून गेल्यावर तिनं केस बांधले, सुट्टी असूनही ऑफिसचा निळा ड्रेस चढवला आणि तीही निघाली.

पुलावर कृष्णात मुकादमाची माणसं होती, कोल्हापूरकडची. कृष्णातनं मधल्या कमानीवर जागा धरली, घण उचलला आणि घातला. घण टणकन उसळला आणि त्याच्या खांद्यावरून मागे गेला.

"आयला!" कृष्णात म्हणाला. त्यानं पुन्हा घातला. दगडावर पांढरा ठिपका उमटला, बाकी काही नाही.

बघ्यांची गर्दी जमली होती. गावात रविवारी दुसरं काय बघणार? दुपारपर्यंत तिघांनी आळीपाळीनं घण घातले, पहारी वाकल्या. मग कॉम्प्रेसर आणला. तो धडधडायला लागला तशी धूळ उडाली, पण पूल जागचा हलला नाही. गर्दी आधी गंमत म्हणून बघत होती, मग हळूहळू तिला राग यायला लागला. त्यातल्या प्रत्येकानं पावसात, उन्हात, पोर काखेला मारून हा चढ चढला होता. प्रत्येकाची कधी ना कधी लाँच चुकली होती.

"यो कच्चा व्हता?" सखू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "याच्यावं तं रेल्वे नेली असती! उतऱ्या, माजे गुडघे गेलं रं तुज्यापायी!"

नव्या पुलावरून बस चालली होती. आतून कुणीतरी ओरडलं, "उतऱ्या, उतरू का रं?" आणि सगळी बस खिदळत निघून गेली.

सिताराम बावटा धरून उभा होता. आज बावट्याचं काही काम नव्हतं, सवयीनं आणला होता. त्यानं कृष्णातला विचारलं, "आतनं तरी पोकळ असंल न्हाय? वरनं दिसत नसंल."

कृष्णातनं घाम पुसला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, समोरचा माणूस काय विचारतोय! "पोकळ? अवो, किल्ला हाय ह्यो. चुन्याचं काम. आता असलं कोन करतंय? अजून शंभर वरसं ह्याला काय झालं नसतं बघा. कुनी सांगितलं कच्चा हाय म्हनून?"

"ऐकलंस?" मागून आवाज आला.

सुलेमानशेठ आला होता. आता म्हातारा झाला होता, काठी टेकत होता. तो थुंकला नाही. सितारामच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"माझ्या भावाला तू उतरवलास. चल, सोडला. जनाज्याला खांदा देनं आमच्यात सवाबाचं, पुन्याचं काम हाय, जास्त मानसांना सवाब मिळाला असं मी समजलो. पन त्या बाईला?" त्यानं काठी पुलाच्या चढाकडे रोखली. "तिला तरी सोडायची व्हतीस, सिताराम. घरची बाई व्हती ती तुझी."

हे वाक्य इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटात होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"चाचा."

संघप्रिया गर्दीतून पुढे आली. "त्या दिवशी खिडकीत कोन बसलं होतं? घरची मानसं हलकी असतात काय, असं कोन बोललं?"

सुलेमानशेठनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आनि हसलं कोन कोन?" तिनं गर्दीकडे पाहिलं. "सगळे होतात तुमी. माझी आई उतरते का नाय ते बघत होतात. आता पुलाला बघायला आलात."

सखूनं पदर तोंडाला लावला. सुलेमानशेठ वळला आणि काठी टेकत चालायला लागला. त्याच्या मागून एकेक जण पांगला.

सितारामला वाटलं, लेक आपल्या बाजूनं बोलली. तो तिच्याकडे वळला. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती, आणि त्याला कळलं की ती कुणाच्याच बाजूनं बोलली नव्हती.

त्यानं बावटा खाली ठेवला. कृष्णातच्या हातातून घण घेतला. कृष्णात "अवो, अवो" म्हणाला, पण त्याचं तोंड पाहून बाजूला झाला. सितारामनं घण घातला. आयुष्यभर खडी फोडलेला माणूस, त्याला घण नवा नव्हता. पण हा घाव खडीवरचा नव्हता. त्यानं पुन्हा घातला. दर घावाला तो आईवरून शिवी हासडत होता, दगडाला, साहेबाच्या हातोडीला, खिडकीतल्या तोंडांना, स्वतःला. चुन्याची पांढरी धूळ त्याच्या केसांत, भुवयांत बसली. तळहात फुटले. मजूर भाकरी खायला बसले तरी तो थांबला नाही. संघप्रिया खाडीच्या काठावर, बांधाच्या दगडावर बसून होती. ती घरी गेली नाही आणि त्याला थांब असंही म्हणाली नाही.

उन्हं कलली तेव्हा कमानीच्या माथ्याचा दगड एकदाचा सैल झाला. साखळी लावली, पहारी घातल्या, सहा माणसांनी जोर केला. दगड करकरत सुटला आणि खाली ओहोटीच्या चिखलात गडप झाला. मजुरांनी आरोळी ठोकली. सितारामनं घण टाकला आणि काठावर आला. लेकीपासून दोन हात दूर बसला.

दोघं चिखलातल्या त्या खळग्याकडे पाहत होती. पाणी हळूहळू त्यात भरत होतं.

"तो एक दगड आईहून जड असंल," संघप्रिया म्हणाली.

डॉक्टरांचं वाक्य सितारामच्या जिभेवर होतं. आज नाहीतर उद्या. इतक्या वेळा घोकलेलं, तयार. तो ते बोलला नाही.

"असंल," तो म्हणाला. मग फुटलेल्या तळहातांकडे पाहत, "ती बसून ऱ्हाली असती तर काय झालं नसतं. पूलपन पडला नसता. मीच उतरवली."

संघप्रियानं इतकी वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण काहीतरी बोलू, कडक, मनातलं. पण तिला नुसतं रडू आलं. आईला नेलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. गुडघ्यांत तोंड घालून, हुंदके देत, लहान पोरीसारखी ती रडत राहिली.

सितारामनं हात पुढे केला आणि मागे घेतला. हात चुन्यानं आणि रक्तानं माखला होता. तिचा ड्रेस निळा, स्वच्छ, इस्त्रीचा. त्यानं तळवा आपल्या शर्टाला घासला, एकदा, दोनदा, पण शर्टही पांढराच होता. शेवटी तसाच त्यानं तो तिच्या पाठीवर ठेवला.

अंधार पडायच्या आत दोघं नव्या पुलावरून घरी निघाली. तिच्या निळ्या पाठीवर पाच बोटांचा पांढरा पंजा उमटला होता. नाक्यावरच्या बाईनं पाहून सांगितलं, "पोरी, पाठीला काय लागलंय बघ, झटक."

"माहीत हाय," संघप्रिया म्हणाली आणि चालत राहिली.